सरळ अक्षर

१ सप्टेंबर १९९७, गुडगाव

आलो एकदाचा. चौथा मजला, दोन खोल्या, पश्चिमेला बाल्कनी आणि समोर बाजरीचं शेत. शेतापलीकडे क्रेन उभ्या आहेत, तेव्हा हे शेत दिवाळी बघेल की नाही कोण जाणे. चोवीस घरांच्या इमारतीत सध्या तीनच घरांत माणसं आहेत. लिफ्टचं दार बसवलंय, आत लिफ्ट नाही. सतरा वर्षं फौजेत तंबूत काढलेल्या माणसाला हा राजवाडाच.

रोजनिशी लिहायचा हुकूम लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरसाहेबांचा. दारू सोडली १५ ऑगस्टला. ड्राय डे होता, म्हणजे निम्मी मेहनत सरकारनेच केली. पुढचे आठ दिवस खाटेवर गेले. आज सतरावा दिवस. साहेब म्हणाले की घाम आणि झोप हळूहळू ताळ्यावर येईल, तळपायांच्या मुंग्यांना महिने लागतील, पण हातांची थरथर आधी थांबायला हवी. रोज लिही अंबादास, तुझ्या अक्षरावरूनच मला समजेल, असं म्हणाले. आजचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेत.

अर्पिताच्या आईची अट एकच. दिवाळीपर्यंत थेंब नाही, तर दोघी गावाहून कायमच्या इथे येतील. थेंब गेला, तर पुन्हा तोंड बघणार नाही. ती बोलते तेवढं करते. अर्पिता नऊ वर्षांची आहे, पण रस्त्यात अजून माझा अंगठा धरून चालते. डाव्या हाताचाच, तिला दुसरा चालत नाही. तिच्यासाठी बाल्कनीची खोली ठेवली आहे.

हरियाणात सध्या दारूबंदी आहे. म्हणून तर नोकरी इकडची धरली. दिल्लीची हद्द अर्ध्या तासावर आहे, हे मी स्वतःला सांगत नाही.

४ सप्टेंबर

मानेसरला कंपनीच्या बसने जातो. काम गिअरबॉक्सचे शाफ्ट तपासायचं. काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर शाफ्ट ठेवायचा, वर डायल गेज लावायचा आणि काटा किती हलतो ते बघायचं. केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरकही काटा दाखवतो. थरथरत्या हाताच्या माणसाला शोधून शोधून हे काम दिलंय! मदतीला हरिदास आहे, पानिपतचा, माझ्याच वयाचा. सत्संगी माणूस, कांदासुद्धा खात नाही. माझा हात बघून काही विचारलं नाही. गेज स्वतः लावून दिला आणि म्हणाला, हो जाएगा भाईसाहब, आराम से. फार बरं वाटलं.

संध्याकाळी घरी बोलायला कुणी नसतं. बाल्कनीत बसून रेवड्या खातो. दारू सुटल्यापासून गोडाची वखवख सुटली आहे.

१२ सप्टेंबर

मुंग्या गुडघ्यापर्यंत. बनियन दिवसातून दोनदा पिळून निघतं. थरथर मात्र एक खोडी करते. एखादी वस्तू घट्ट धरली की थोडा वेळ थांबते. आज चहाचा स्टीलचा पेला धरला, हात शांत झाला. पेला ओट्यावर ठेवला.

पेला थरथरत राहिला. हात काढून घेतल्यावरही. आतल्या चहावर बारीक वलयं उठत होती. जमिनीत क्रेनचा हादरा असेल म्हणून खाली बघितलं, तर क्रेन बंद होती. अर्ध्या तासाने पेला थांबला आणि माझा हात पुन्हा सुरू झाला.

१९ सप्टेंबर

कारखान्यातही तेच. शाफ्ट धरला, ठेवला, चार पावलं मागे झालो. काटा नाचतच होता. हरिदासने टेबलाखाली वाकून बघितलं, भिंतीला हात लावला. शेवटी म्हणाला, टेबल तो ठीक है, शाफ्ट को ठंड लग रही है क्या? दोघे हसलो. मी जरा जास्तच हसलो.

२४ सप्टेंबर

चाळिसावा दिवस. हरिदासने घरून बेसनाचे लाडू आणले आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन मुबारक म्हणाला. महिन्याभरात मला कुणी हात लावला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, लपवलंही नाही.

२५ सप्टेंबर

बघा डॉक्टरसाहेब, अक्षर! शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचो, तसं. थरथर गेली. मुंग्याही गेल्या, अनवाणी चाललो तर फरशीचा गारवा लागला. अर्पिताच्या आईला पीसीओवरून फोन केला. ती म्हणाली की तिकिटं काढते.

१ ऑक्टोबर

हरिदासच्या हातून गेज पडला. त्याचे हात थरथरताहेत. उभं राहिलं की पाय मुंग्या येऊन सुन्न होतात म्हणतो. कारखान्यातल्या साहेबांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं की कुठून मिळते तुला दारू. ज्याने आयुष्यात बाटली हुंगली नाही, त्याला! माझे हात टेबलावर होते, निवांत.

५ ऑक्टोबर

वडील आठवताहेत. त्यांचे हात आयुष्यभर थरथरले. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसलो, त्यांचा हात धरला, आणि तो शांत झाला. जाताना म्हातारा सुटला, असं गाव म्हणालं. त्याच थंडीत माझी थरथर सुरू झाली. युनिटमध्ये कुणीतरी रमचा पेला दिला, आणि ती थांबली. लोकांना वाटतं दारूने हात गेले. हात आधी गेले होते.

१२ ऑक्टोबर, पानिपत

हरिदासला कामावरून काढलं. त्याच्या घरी आलो. बायको त्याला भरवत होती. सत्संगातही आता कुणी शेजारी बसत नाही म्हणाला. मी त्याचे हात धरले. बराच वेळ काही झालं नाही. मनात म्हटलं, माझं आहे, परत दे.

आलं. खांद्यापर्यंत.

हरिदासने पाण्याचा पेला स्वतः उचलला आणि रडायला लागला. बसस्टँडवर हे लिहितोय. वाचता येत नसेल तर माफी.

१४ ऑक्टोबर

फोन केला. येऊ नका म्हणालो. आवाजही कापत होता. तिने एकच विचारलं, घेतलीस ना? नाही म्हणालो. मग स्वतः बघते, म्हणाली. मागून अर्पिता ओरडत होती की बाबांना सांग, मी स्टेशनवर हात धरणार —

ठेवला फोन.

१८ ऑक्टोबर

बसमध्ये शेवटच्या सीटवर बसतो. कुणी शेजारी आलं तर उठतो. पेला, दाराची कडी, बादली — सगळ्यांत थरथर घालून बघतो. वस्तूत टिकत नाही, अर्ध्या तासात परत येते. माणसात टिकते.

२१ ऑक्टोबर

इतकी वर्षं अर्पिता अंगठा धरून चालली, तिला काही झालं नाही. कारण पोटात रम होती. रम असली की थरथर झोपते. कोरडा असलो की ती जागी असते आणि दुसरं घर शोधते.

म्हणजे प्यायलो तर पोर वाचते. पण वासावरूनच तिची आई ओळखेल. त्याच गाडीने परत नेईल. कायमची.

नेऊ दे?

२४ ऑक्टोबर

फोन लागला नाही. शेजारणीकडून कळलं — दोघी निघाल्या. अर्पिताने नवा फ्रॉक —

खोली झाडून ठेवली. कशाला —

२५ ऑक्टोबर

दिल्लीला गेलो. हद्दीपलीकडचं पहिलंच दुकान. क्वार्टर घेतली. उघडली नाही. एकाहत्तर दिवस. आज रात्रीपुरता तरी अर्पिताच्या आईने घातलेल्या अटीतला माणूस राहतो. उद्या गाडी यायच्या आधी —

२६ ऑक्टोबर, निजामुद्दीन स्टेशन, सकाळ

बाकावर आहे. गाडीला वीस मिनिटं. डाव्या हातात बाटली. प्यायलो की अर्पिताला जवळ घेईन, एकदा, तिच्या आईने ओढून नेईपर्यंत. तेवढं पुरे.

झाकणाचं सील निघत नाही. बोटं —

दातांनी — नाही — निसटते —

माईकवर सांगताहेत. गाडी आधीच लागली. पलीकडच्या फलाटावर. कधीची —

बाटली पडली. फुटली. हमाल शिव्या देतोय —

दुसरी कुठे मिळेल — वेळ नाही — हात खिशात घालतो, लिहिणं बंद कर—

डाव्या अंगठ्याला कुणीतरी धरलंय. मागून. छोटी, गरम बोटं.

हे अक्षर सरळ आलं.

हेही सरळ आलं. अर्पिता, सोड, बाळा, हात सो