सर्व्हर अकराला पडतो

१० जून, सोमवार

पुन्हा पडला. अकरा वाजून सात मिनिटं. चार दिवसांत तिसऱ्यांदा. सर्व्हर आपोआप बंद होतो, आपोआप उठतो — आणि तो सावरेपर्यंत लॅबमधून एकही रिपोर्ट छापता येत नाही. आज डेंग्यूच्या एका पेशंटचा प्लेटलेटचा आकडा चाळीस मिनिटं अडकून राहिला. त्याची बायको काउंटरपाशी उभी होती. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

११ जून

रॅम काढून पुसून बसवली. पंख्यातली धूळ काढली. तापमान ठीक. लॉगमध्ये काहीच नाही — सगळं सुरळीत, आणि मग एकदम नव्याने सुरू झाल्याची ओळ. नीट बंद झाल्याची खूण नाही. म्हणजे वीज तुटते.

वादिराजअण्णांना विचारलं. लॅबचे संगणक माझ्याकडे; वायरिंग, यूपीएस, जनरेटर — एकोणीस वर्षं सगळं त्यांच्याकडे. "यूपीएस चांगला आहे. जानेवारींत तपासलें," म्हणाले. हातातलं काम न थांबवता. मला ते खटकलं.

१२ जून

पडला. अकरा चोवीस.

१३ जून

डॉक्टर जयलक्ष्मींनी कारण लेखी मागितलं. लॅब त्यांची, पेशंटची बोलणीही त्याच ऐकतात. लिहून दिलं — वीजपुरवठ्याच्या देखभालीत हयगय. जबाबदार: वादिराज.

घरात सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी कोणाला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिते. माझ्याकडे पुरावा नव्हता. फॉर्ममध्ये रकाना होता. भरला.

१४ जून

अण्णांना काढलं. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. "जनरेटरची लहान किल्ली अडते. जरा उचलून फिरव." एवढंच बोलले.

१५ जून

आज पडला नाही. म्हणजे माझं बरोबर होतं. पण आज शनिवार, गर्दीही नव्हती.

१८ जून, मंगळवार

पडला. अकरा बारा.

१९ जून

सर्व्हरच्या कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, "मॅडम, मदरबोर्डाची नोंद पाहिली का?" नव्हती पाहिली. बोर्ड आपली वेगळी नोंद ठेवतो, हे मला माहीत होतं. तरी पाहिली नव्हती.

उघडली. दहा जून, अकरा सात — उत्तर नाही, म्हणून वीज तोडून पुन्हा सुरू केलं.

ही सोय मार्चमध्ये मीच चालू केली होती. सुट्टीच्या दिवशी यंत्र अडकलं तर आपलं आपण उठावं, म्हणून. अकराच्या सुमारास उपाशीपोटीचे सगळे रिपोर्ट एकदम येतात. यंत्राला उत्तर द्यायला उशीर होतो. माझी सोय समजते, यंत्र मेलं. आणि ती त्याला मारून उठवते.

सोय बंद केली. चार सेकंदांचं काम. अण्णांच्या नावावरचा डाग पुसायला किती लागतील?

२० जून

डॉक्टरांना सांगितलं.

"आता चालतोय ना? मग जुना कागद कशाला उघडतेस, भुवना?"

"तो कागद मी लिहिलाय."

"तुझ्यावरच शेकेल."

"शेकू दे," म्हटलं. बाहेर येऊन नवं पत्र लिहून दिलं, अण्णांना परत घ्या म्हणून.

२३ जून, रविवार

बसने तिरुवैयारूला गेले. अण्णा आता तिथे पंप दुरुस्त करतात. कालव्याकडेच्या एका शेतात मोटर उघडून बसले होते. लॅबमध्ये आम्ही तमिळच बोलतो, इथे लिहिताना मी ते मराठीत आणते. आज मराठी आपोआप आली. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, डॉक्टरांनी परत बोलावलंय हेही.

त्यांनी हात पुसले. "नव्या पत्रांत काय लिहिलेंस?"

"चूक माझी. माझ्या एकटीची."

ते मोटरीकडे वळले. रागावले असतील तर हक्कच आहे त्यांचा.

"सरी," तमिळमध्ये होकार दिला. "येतों." मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. तसं काही दिसलं नाही.

१ जुलै

अण्णा कामावर आले. सर्व्हर बारा दिवस अखंड चालू. नोकरी शाबूत आहे. डॉक्टर कामापुरतंच बोलतात. चालेल.

८ जुलै

अकरा वाजता पडला.

बोर्डाची नोंद आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. आधीच्या पाचांपैकी तीन वेळा माझी सोय. दोनदा क्षणभर वीजच गेली होती, आजसारखी — आणि यूपीएसने सांभाळलं नव्हतं.

अण्णांनी यूपीएसचं झाकण उघडलं. बॅटऱ्या फुगलेल्या.

"जानेवारींत मी तपासलेंच नाही, भुवना. कागदावर सही तेवढी केली." मग म्हणाले, "पत्र पुन्हा लिही. दोघांचीं नांवें घाल."