वाणात वाटलेले धडे आणि सुनेचे थांबलेले धडे यांबाबत

प्रति,
मा. मुख्य संशोधन अधिकारी,
सुमन मनःस्वास्थ्य अभ्यास केंद्र,
राजाजीनगर, बेंगळूर.

अर्जदार : सौ. अंबूबाई शिवाप्पा सालुंके, राहणार राजाजीनगर, पिठाच्या गिरणीमागे. शिक्षण तिसरी पास.

विषय : सून सौ. उल्का हिचे कॉम्प्युटरवरचे धडे बंद केले आहेत, ते पुन्हा चालू करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्राचे इंग्रजी पत्र. आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू शिवलीला हिने वाचून अर्थ सांगितला.

महोदय,

आपण मिरजेकडचे आहात असे कळल्यावरून हा अर्ज मराठीत केला आहे. कचेरीत 'मी मी' करणाऱ्याला उभेच ठेवतात असे अर्जदाराचे वडील सांगत, म्हणून अर्जदार स्वतःस अर्जदारच म्हणणार आहे. अक्षर वाकडे असले तरी हकीकत सरळ आहे.

१. उल्का ही अर्जदाराची एकुलती सून. पुण्याची, बी.कॉम. लग्न होऊन इकडे आल्यापासून तिला एका जागी बसवत नसे. कॉफी उभ्याने प्यायची, तीही अर्धी. बाहेर निघाली की गॅस बघायला जिन्यावरून परत. कुलूप ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे, पुन्हा येऊन ओढायचे. अर्जदाराचा मुलगा सूर्यकांत व्हाइटफील्डला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सकाळी व्हॅन त्याला घेऊन जाते आणि रात्री दारात आणून टाकते, तेव्हा त्याच्यात 'हूं' म्हणण्यापलीकडे जीव नसतो. गल्लीत सगळे कन्नड, ते तिला येत नाही. अर्जदाराने मीठ-मोहऱ्या उतरल्या, नारळाचा नवस केला, रागे भरूनही पाहिले. काडीचा उतार नाही.

२. दिवाळीनंतर आपल्या केंद्रावर पाटी लागली, की साध्या धडधाकट माणसांचे मन स्वस्थ राहावे म्हणून कॉम्प्युटरवरून धडे द्यायचे आहेत, त्यांची चाचणी घ्यायची आहे, माणसे पाहिजेत. अर्जदार स्वतः चौकशीला आली आणि आमच्या घरात वेडे कोणी नाही हे आधीच सांगून मोकळी झाली. तेव्हा आपल्याकडील कु. स्वानंदी हसून म्हणाली, "आजी, वेड्यांसाठी नाहीच हे. तुमच्याआमच्यासारख्यांसाठी आहे." त्यावर "तुझ्यासारख्यांसाठी असेल" असे सांगून अर्जदाराने उल्काचे नाव घातले. पाठोपाठ शिवलीला आणि गल्लीतल्या इतर बायकांनीही घातले.

३. मग कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्या. उल्काला धडे मिळाले. शिवलीला आणि बाकीच्या 'थांबणाऱ्या गटात' गेल्या. म्हणजे त्यांनी नुसती प्रश्नांची उत्तरे द्यायची, की झोप लागते का, जीव घाबरतो का, आणि धड्यांसाठी उन्हाळ्यापर्यंत वाट बघायची. अर्जदाराला हे तेव्हाही पटले नव्हते. पंगतीत बसवून एकीच्या पानात वाढायचे आणि दुसरीला विचारायचे, भूक कशी आहे?

तरी धड्यांना नाव ठेवणार नाही. कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात उल्का दर आठवड्याला जायची. टेलिफोन मांजरासारखा ओरडायचा, मग पडद्यावर धडा उमटायचा, तो ती छापून आणायची. एका धड्यात श्वास बघायचा होता. एकात काळजी करायला दुपारची वेळ नेमून द्यायची होती, बाकी वेळी काळजी आली तर तिला 'नंतर ये' म्हणायचे. अर्जदार हसली. पण एक दिवस उल्का पायरीवर बसून कॉफी प्यायली. पेला रिकामा होता, अर्जदाराने उचलून बघितला. चौथा धडा असा होता, की आपल्याला जे हवे किंवा नको असेल ते घरातल्या माणसाला एका वाक्यात, न घाबरता सांगायचे.

४. आता मुख्य मुद्दा. संक्रांतीचे हळदीकुंकू आले. आमच्याकडे एळ्ळु-बेल्ला (इकडचा तीळगूळ), उसाचा तुकडा आणि वाण असते. दरवर्षी प्लास्टिकच्या वाट्या देऊन अर्जदाराला वीट आला होता. घरात एवढी गुणाची वस्तू असताना वाट्या कशाला? अर्जदाराने चारही धड्यांच्या झेरॉक्स काढायला सांगितल्या. तेव्हा उल्का म्हणाली, "आई, नको. हे बाहेर द्यायचं नाही असं मी सही करून दिलंय." अर्जदार म्हणाली, "वाण म्हणजे बाहेर होय ग? ते ओटीत जातं." मग अर्जदार स्वतःच दुकानात जाऊन प्रती काढून आली. धडे हळदीकुंकवासोबत घरोघर गेले. ज्यांना इंग्रजी येत नव्हते त्यांना शिवलीलेने कन्नडमध्ये सांगितले. ती थांबणाऱ्या गटातली होती हे अर्जदाराच्या ध्यानी आले नाही, आणि आले असते तरी वाणात दुजाभाव करता येत नाही. दारात आलेल्या सवाशिणीला 'तू थांब' असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे ते केंद्राने दाखवावे.

५. पुढच्या प्रश्नोत्तरांत शिवलीलेची झोप सुधारलेली निघाली. गल्लीतल्या थांबणाऱ्या सगळ्याच बायकांचे मार्क चढले. केंद्रात गडबड उडाली. कु. स्वानंदी घरी येऊन रडवेली झाली. तिने समजावले, की एका पातेल्यातल्या दुधाला विरजण लावायचे, दुसऱ्याला नाही, तेव्हा कळते दही कशाने लागले. म्हणाली, "आजी, तुम्ही दोन्हीकडे विरजण घातलेत." अर्जदाराला हे समजले. ती अडाणी आहे, मठ्ठ नाही. पण दुसरे पातेले म्हणजे शिवलीला होती, आणि तिला झोप लागत नव्हती. तिचा रात्रीचा पंखा अर्जदाराच्या डोक्यावर फिरत असे.

त्यानंतर आपले पत्र आले. उल्काने लेखी कबूल केलेला नियम मोडला, सबब तिचे नाव कमी केले, गुप्त शब्द रद्द केला. दुकानात जाऊन तिने तरी तो टाकून पाहिला. पडद्याने घेतला नाही.

६. महोदय, नियम उल्काने मोडला नाही. अर्जदाराने मोडला, तोही उल्का 'नको' म्हणत असताना. या घरात आल्यापासून तिने अर्जदाराला केलेला हा पहिला नकार होता. तो धडा तिने आपल्या केंद्राकडूनच घेतला, आणि अर्जदाराने तो झेरॉक्सच्या दुकानात नेऊन त्याच्या प्रती काढल्या. आता ती काहीच म्हणत नाही. भाजीत मीठ जास्त झाले का विचारले तर "नाही आई". कमी झाले का, तर "नाही आई". कॉफी पुन्हा उभ्याने. काल कुलूप ओढायला फाटकावरून परत आली, तेव्हा अर्जदारच दारात उभी होती, घर उघडेच होते, तरी आली.

७. नुकसान भरून देण्याची अर्जदाराची तयारी आहे. दिलेले वाण परत मागता येत नाही, आणि शिवलीलेला झोप विसर असे सांगता येत नाही. त्याऐवजी :

(अ) अर्जदारास कायमचे थांबणाऱ्या गटात घालावे. अर्जदार जन्मभर काहीही न घेता प्रश्नांची उत्तरे देईल, खरी देईल.

(आ) कोरे पातेले पाहिजे असल्यास निपाणीला अर्जदाराच्या मावसबहिणी सकवारबाई व गोजराबाई आहेत. मामाच्या लग्नातल्या मानपानावरून अर्जदार त्यांच्याशी बोलत नाही, त्यामुळे त्यांच्या कानावर धड्यातले अक्षरही गेलेले नाही, जाणारही नाही. त्यांचे मन स्वस्थ नाही याची खात्री अर्जदार देते.

(इ) एवढ्यानेही भागत नसल्यास चाचणी होईपर्यंत अर्जदार गल्लीत कोणाशी बोलणार नाही. हे अवघड आहे, याची नोंद घ्यावी.

सबब प्रार्थना, की शिक्षा जिची तिला द्यावी आणि उल्काचे उरलेले धडे तिला मिळू द्यावेत. चाचणीत धरू नका, हिशेबातून वगळा, पण धडे द्या. निम्मे दही कोणी खात नाही साहेब.

चूक करून मान खाली न घालणारी, परंतु आपल्यापुढे हात जोडणारी,
सौ. अंबूबाई शिवाप्पा सालुंके
(सही स्वहस्ते)
बेंगळूर, ता. २२ फेब्रुवारी १९९९

सोबत :
१. केंद्राचे पत्र.
२. सकवारबाईचा निपाणीचा पत्ता. पत्र आपण घालावे, अर्जदार घालणार नाही.
३. एळ्ळु-बेल्ल्याची पुडी, कु. स्वानंदीसाठी. हे वाण नव्हे.

ता.क. : अर्ज पाकिटात घालताना उल्काने तो मागून घेतला आणि सगळा वाचला. मग म्हणाली, "आई, हा द्यायचा नाही. माझे धडे आहेत, अर्ज मी करणार." अर्जदाराने कारण विचारले. तिने सांगितले नाही, नुसते "नको" म्हणाली. तरी वरील अर्ज रद्द समजावा. ती आत्ता पायरीवर बसून तिचा लिहिते आहे, पेला शेजारी आहे. ती आत गेली की अर्जदार तो उचलून बघेल. मात्र हा अर्ज फाडू नये. उद्यापर्यंत तिचा आला नाही, तर हाच धरावा.