धाकटीच्या बाळाचं झबलं

धाकटे,

तुझ्या बाळासाठी झबलं शिवताना माझ्या नाकी नऊ आलेत. मशीन चालू केलं की दोरा तुटतो, नाहीतर खालून गुंता होतो. काल बाही उलटी लागली. उसवून पुन्हा लावली, तर पुन्हा उलटीच! शिवण शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, मशीनवर कशाला राग काढताय?"

बाईंचं खरं आहे. माझा राग तुझ्यावर आहे. तुला सातवा लागला, आणि मला ते मामीकडून कळलं! आईला विचारलं तर म्हणते, "तुझं बाळ जाऊन वर्षही झालं नाही. तुला त्रास होईल म्हणून बोललो नाही." आणि माझा फोन आला की तुम्ही सगळे बोलता बोलता गप्प होता, त्याचा त्रास होत नाही होय? अगं, माझं बाळ गेलं, म्हणून मी मावशीसुद्धा व्हायचं नाही का?

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू रडशील आणि आई माझ्यावरच डाफरेल. त्यापेक्षा रविवारी मीच येते. झबल्याची एक बाही आखूड झालीय, खुशाल हस. फक्त मला बघून पोट झाकून घेऊ नकोस.

तुझी,
ताई