मोतीचे श्वास

१३ ऑक्टोबर १९९९
आज कामावर रुजू झालो. जागा आवडली. कागलच्या अलीकडे हायवेला लागून पत्र्याच्या शेडखाली मोठा निळा हौद आहे, शेजारीच माझी खोली. ट्रॅव्हल कंपनीच्या बसेस देवीचं दर्शन उरकून इथे येतात. पर्यटक अर्धा तास डॉल्फिनचा खेळ बघतात आणि मागे फिरून पन्हाळ्याला जातात. डॉल्फिनचं नाव मोती. तो नाकावर चेंडू झेलतो. मुलं टाळ्या पिटत होती तेव्हा मलाही हसू आलं. शालू गेल्यापासून पहिल्यांदाच.

मालक गणपतराव यांनी शिक्षण विचारलं नाही. घरात कोण गेलं, कधी गेलं, एवढंच विचारलं. बायको, २४ नोव्हेंबरला वर्षश्राद्ध, असं सांगितलं. ते म्हणाले, मग झ्याक. वर्षाच्या आत तुम्ही सण करणार नाही, दिवाळीला रजा मागणार नाही, आणि आमची खरी गर्दी दिवाळीतच.

काम सोपं आहे. हौदाच्या काठावर बसायचं, दर तासाला दहा मिनिटं मोतीचे श्वास मोजायचे आणि वहीत लिहायचे.

१७ ऑक्टोबर
मोती मिनिटाला तीनदा वर येतो. फूस आवाज करून श्वास घेतो आणि जाताना एक डोळा माझ्याकडे वळवतो. सोबत वाटते.

झाडलोट करणाऱ्या धोंडुबाई आज थट्टेने म्हणाल्या, "पावणं, तुमी आन् मोती जोडीनंच आलाय की. त्यो सोमवारी, तुमी बुधवारी." मी म्हणालो, बाहेरच्या फलकावर तर लिहिलंय, चार वर्षं सर्वांचा लाडका. त्या म्हणाल्या, "फलक काय बोलतोय व्हय?" आणि घाईने बादली उचलून गेल्या.

२६ ऑक्टोबर
फलकावरच्या फोटोत मोतीच्या पाठीवरच्या पंखाला खाच आहे. हौदातल्या मोतीचा पंख अखंड आहे. गणपतरावांना विचारलं. म्हणाले, खाच भरली, माणसाच्या जखमा भरत नाहीत का? मी गप्प बसलो. गप्प बसणारा माणूस मिळाला म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

२ नोव्हेंबर
खाटेखालच्या ट्रंकेत जुन्या वह्या सापडल्या. तीन वह्या, तीन अक्षरं, तिन्हींवर नाव मोती. पहिल्याचा मुलगा गेला होता, दुसऱ्याचा भाऊ. शेवटची वही आप्पासो नावाच्या माणसाची, त्यांची आई गेली होती. त्यांनी एके ठिकाणी लिहिलंय: डॉक्टर म्हणाले, हा मासा नव्हे. आपल्यासारखा झोपेत आपोआप श्वास चालत नाही त्याचा. प्रत्येक श्वास ठरवून घेतो. नकोसा झाला तर घेत नाही.

तिन्ही वह्या ज्याच्या त्याच्या घरच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी थांबल्या आहेत.

ती माणसं कुठे गेली, असं धोंडुबाईंना विचारलं. म्हणाल्या, "गेली गावाला." पण आप्पासोंचा चष्मा अजून माझ्या खिडकीत आहे. चष्मा ठेवून कोण गावाला जातं?

९ नोव्हेंबर
पाडवा. अकरा बसेस, सात खेळ. औषधाच्या पाण्याने मोतीच्या डोळ्यांभोवतालची कातडी सोलली आहे. दुपारी तो चेंडूकडे गेलाच नाही, भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. एक लहान मुलगी म्हणाली, तो लपतोय. सगळे हसले. गणपतरावांना म्हणालो, आज पुरे. ते म्हणाले, "लोकं लांबनं आल्यात जयसिंगराव. त्यांना काय सांगू, मोती रडतोय?"

१६ नोव्हेंबर
श्वासांत चार मिनिटांचं अंतर. मी काठावर असलो तर वर येतो. उठलो की तळाशी जाऊन बसतो. आज तीनदा करून पाहिलं.

शालूच्या उशाशीही मी असाच मोजत होतो. नर्स म्हणाली होती, उठू नका. मी चहाला गेलो. पाचच मिनिटं.

हे कुणालाच सांगितलेलं नाही. गणपतरावांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, शेवटी जवळ होता का. तेवढं मी तेव्हा इथे लिहिलं नव्हतं.

२० नोव्हेंबर
आप्पासोंच्या वहीत शेवटच्या पानांवर दुसरा रकाना आहे. वर लिहिलंय: माझे. दोन्ही रकान्यांत आकडे सारखे.

मी माझे मोजले. पुन्हा मोजले.
सारखेच.

२२ नोव्हेंबर
श्राद्धासाठी एका दिवसाची रजा मागितली. गणपतराव लगेच हो म्हणाले. बाहेर आलो तर धोंडुबाई माझं अंथरूण धुवायला नेत होत्या. नवा माणूस येणार आहे म्हणे. त्याचीही बायको गेली आहे.
मी तर परत येणार म्हणालो होतो —
धोंडुबाई जाताना हळूच म्हणाल्या, "पावणं, आत्ताच जावा. मागं बघू नगा."

२३ नोव्हेंबर
सकाळी ट्रक आला. ओल्या गोणपाटाने झाकलेली लांब पेटी. आतून — फूस.
फलक पुसून ठेवलाय.

११ ची गडहिंग्लज गाडी. उद्याच्या श्राद्धासाठी माझी मुलगी नेसरीत वाट बघते आहे. पिशवी भरली आहे.
फाटकापर्यंत गेलो. मागे पाणी हललं नाही, म्हणून परत आलो.

१०.४०. मोती तळाशी आहे. डोळा माझ्याकडे.
पाच मिनिटं.
या वेळी उठणार नाही. एकदा वर आला की निघतो. एकच श्वास —
सहा.
धोंडुबाई फाटकातून हाका मारत आहेत. ओ द्यायला तोंड उघडलं, पण आत हवाच — मी कधीपासून घेतला नाही —
सात. ये रे वर. तू घे, म्हणजे मीही