मागच्या सीटवरचा हात

३ एप्रिल, बुधवार
संकल्प: गाडीच्या मागच्या सीटवरचा तेलाचा डाग रविवारपर्यंत घालवणे. सीट खऱ्या लेदरची, बदामी. गाडी सेकंडहॅण्ड असली तरी कल्याणच्या एका डॉक्टरची होती. अख्ख्या भातसानगर कॉलनीत लेदर सीट फक्त माझ्याकडे. डाग भज्यांच्या तेलाचा. तळहाताएवढा. तळहातासारखा नव्हे, तळहाताएवढा.

४ एप्रिल
टाल्कम पावडर भुरभुरून दिवसभर ठेवली. संध्याकाळी ब्रशने झटकली. रंजिता येऊन बघून गेली. म्हणाली, गेला की हो, कुठे दिसतोय? बायकोची नजर कमजोर झाली आहे, नंबर काढायला हवा. मला स्पष्ट दिसतो. अंगठासुद्धा.

६ एप्रिल, दुपारी १
भांड्याचा साबण, कोमट पाणी, मऊ फडकं. ओलं होतं तोवर डाग गायब. वाळल्यावर परत वर. यात भुताखेताचं काही नाही. उन्हानं लेदर तापतं, आत मुरलेलं तेल वर येतं. सायन्स आहे. रविवार म्हणजे पुढचा रविवार, असं मी आधीच धरलं होतं.

९ एप्रिल, पाडवा
गुढी नाही. आबांना जाऊन दोनच महिने झाले, वडील गेले त्या वर्षी उभारत नाहीत. गाडी पुसली. मागचं दार उघडलं नाही. मुहूर्त नव्हता.

१३ एप्रिल
किन्हवलीहून येताना, सापगावजवळ, आरशात मागे कोणीतरी बसल्यासारखं दिसलं. दोन्ही हात वर धरून. गाडी बाजूला घेतली. सीटबेल्टची सावली होती. काचा बंद, तरी भज्यांचा वास. एसीचा फिल्टर बदलणे.

१८ एप्रिल
व्हिडिओतली बाई म्हणते, तेलाला तेल ओढतं. खोबरेल चोळलं. डाग आता परातीएवढा. एका अर्थी प्रगतीच. हाताचा आकार राहिला नाही.

१९ एप्रिल
राहिलाय. मधोमध.

२४ एप्रिल
स्पिरिट. दीड तास. दंड भरून आले. रंजिता दारात उभी राहून म्हणाली, अहो, डागाशी भांडताय की आणि कोणाशी? मला आवाज चढवायची सवय नाही. त्या दिवशीसुद्धा चढवला नव्हता.

२८ एप्रिल, रविवार
कमळताईला मुरबाडहून आमच्याकडे राहायला आणलं. सख्खी मोठी बहीण, म्हटलं पुढे ऐसपैस बस. मला मागंच बरं वाटतं म्हणाली, आणि बरोबर डागावर बसली. सरळगाव गेल्यावर तीच हसत सांगायला लागली. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आबांचा तिला फोन आला होता. म्हणाले होते, पोराची गाडी लय भारी हाय गो. बसलं का गादीवानी. पन माझ्या हातानं खराब झाली, आता मी यष्टीनंच जाईन. आबांचा आवाज ताई हुबेहूब काढते. मी म्हटलं, आज ऊन फार आहे.

२९ एप्रिल
सगळं एकदा नोंदवतो, म्हणजे विषय संपेल. जानेवारीत शहापूरला आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच धूसर. गावी सोडायला निघालो. वाटेत किन्हवलीला गरम भजी घेतली. मीच घेतली, मीच हातात दिली. पुढे वळण आलं, तोल जाऊ नये म्हणून त्यांनी सीटवर हात टेकला. मी म्हणालो, आबा, लेदर आहे ते, घोंगडी नाही. एवढंच. कोणीही म्हणालं असतं.
मग घर येईपर्यंत ते दोन्ही हात वर धरून बसले. भजी मांडीवरच्या कागदात तशीच निवत. खड्डा आला की अंग हलायचं, हात वरच. मी आरशात बघत होतो. हात खाली घ्या, असं म्हणता आलं असतं. दहा-बारा किलोमीटर होते.
तपासणीला ते एसटीने आले. फेब्रुवारीत गेले. झोपेत. त्याचा आणि गाडीचा काही संबंध नाही.

५ मे, रविवार
शेवटचा उपाय, प्रोफेशनल. शहापूरला बुधूकडे गेलो, तो गाड्यांच्या सीटा शिवतो. त्याने डागावरून बोट फिरवलं, वाकून वास घेतला. म्हणाला, साहेब, यात तेल हाय कुठं? तेल कवाच गेलंय. ह्यो तुमी घासून घासून कातड्याचा रंग काढलाय. मी विचारलं, पण हात दिसतो ना? बिचाऱ्याने पुन्हा वाकून नीट पाहिलं. नाय दिसत, म्हणाला. तासाभरात नवं कव्हर चढवतो, जुनं फाडून टाकू. म्हटलं चालेल. त्याने ब्लेड काढलं. म्हटलं, नको.
घरी आलो. रंजिताने विचारलं, काय झालं? सांगितलं, डाग गेला. मग डोळे का लाल झालेत, म्हणाली. म्हटलं, बुधूच्या दुकानात सोल्युशनचा वास फार आहे.