हत्तीण चढ चढली

दि. १२, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबा त्याच्याहून जास्त कुरकुरतात, म्हणजे तब्येत उत्तम. पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनही तू ते उघडलंस, त्याबद्दल आधीच आभार.

बातमी अशी की हत्तीण चालू झाली! हो, तीच आपली जुनी घरगाडी, आठ वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली. परवा मी स्वतः चालवली. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता; दोन्ही वेळा चहा पाजून रिकाम्या हाती पाठवला.

माझ्यासारख्या सीटकव्हरं शिवणाऱ्या बाईने इंजिनाचं वायरिंग केलं म्हटल्यावर तुला हसू येईल. येऊ दे. पण केलं. चौकातले म्हातारे मिस्त्री रोज संध्याकाळी स्टुलावर येऊन बसायचे, मी इंजिनावर ओणवी, आणि ते माझी खरडपट्टी काढणार. त्यांचा पहिला धडा: "तार आणि नळी म्हणजे सवती. एका खोलीत नांदवायच्या नाहीत." म्हणून इंजिनाकडून डॅशबोर्डवरच्या काट्याकडे येणारी ऑइलची तांब्याची नळी डावीकडून आणली, वायरी उजवीकडून. सायलेन्सरच्या पाइपापासून दोन्ही चांगल्या लांब. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबराची कडी, म्हणजे धार लागत नाही. इंजिन थरथरतं म्हणून नळीला एक सैल वेटोळं. टेम्परेचरच्या काट्याची नळी तर कापायचीच नसते, उरलेली गुंडाळून ठेवतात. मी तिला कात्री लावायला निघाले तेव्हा मिस्त्री स्टुलावरून पडायचे राहिले. बॅटरीजवळ फ्यूज. तू दोन दिवसांत केलं असतंस. मला पाच महिने लागले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तीन कागद फाडून झालेत.

जुन्या वायरी काढताना, इंजिनाच्या झाकणामागे खालच्या बाजूला एक जुडगा शाबूत सापडला. तांब्याची नळी आणि तू ओढलेल्या वायरी एकत्र, करकचून बांधलेल्या. मेण लावलेल्या निळ्या दोऱ्याने, दुहेरी गाठ मारून. असा दोरा आपल्या घरात कोणाकडे होता, हे तुला सांगायला नको. नळीने घासून घासून वायरींचं रबर पार खाल्लं होतं, आतली तार उघडी पडली होती. आठ वर्षांपूर्वी गाडीला वरच्या बाजूला जिथे आग लागली तिथेही हेच झालं असणार. मिस्त्रींनी ते हातात घेऊन विचारलं, "हे शहाणपण कुणाचं?"

माझं, दादा. तू दोन्ही वेगवेगळ्या नेल्या होत्यास. मी इंजिनाच्या झाकणाला नवं कव्हर बसवत होते, लोंबणारं ते सगळं मधे मधे येत होतं आणि दिसायलाही गबाळं वाटत होतं. तू जेवायला गेलास आणि मी सगळं एकत्र आवळून टाकलं. काय तर म्हणे, नीटनेटकं!

एवढ्यावर थांबले तर पुन्हा खोटं होईल. मला हे आत्ता कळलेलं नाही. त्या चढावर धूर निघाला, आपण सगळ्यांनी बाहेर उड्या मारल्या, आणि काका-मामांसमोर बाबा तुला म्हणाले, "ज्याला साधी तार ओढता येत नाही त्याने माझ्या दारात उभं राहू नये." तेव्हाच मला माझी गाठ लख्ख आठवली होती. मी गप्प बसले. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, आणि मी चप्पल शोधत असल्यासारखं केलं. तू घर सोडलंस, पक्कड कायमची ठेवून रंगाच्या दुकानात डबे विकायला लागलास, तरी गप्पच. मला लाज वाटते, दादा. फार वाटते.

सोमवारी तो जुडगा बाबांसमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बाबांनी रेडिओ बंद केला. बराच वेळ गाठीवरून अंगठा फिरवत बसले. मला वाटलं, आता माझी पाळी. तर म्हणाले, "तुझं तू बघ. मी त्याला जे बोललो ते परत घ्यायला फोन पुरायचा नाही. गाडी निघते का तुझी?"

निघते का! परवा त्याच चढावर घातली. बाबा शेजारी, डोळे रस्त्यावर नाहीत, काट्यांवर. ऑइलचा काटा खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. टेम्परेचरचा अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. ते वळण आलं तेव्हा बाबांनी नाक पुढे करून वास घेतला. काही नाही! नव्या रबराचा वास, बस्स. माथ्यावर पोचलो आणि या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने रिकाम्या रस्त्यावर सलग पाच वेळा हॉर्न वाजवला. मी तर खिडकीतून डोकं काढून ओरडलेच.

रविवारी सकाळी दहाला आम्ही तुझ्या दुकानासमोर येतो. आधी बाबा उतरतील. चारचौघांत बोलले होते, म्हणून काका-मामांनाही मागे बसवून आणतायत; माफी त्यांच्यासमोरच मागायची म्हणतात. तुला कुणाचं तोंड बघायचं नसेल तर शटर ओढून घे. आम्ही बाहेर उभे राहून बोलू आणि जाऊ, पण बोलू.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझं तू ठरव, सावकाश. हा कागद मात्र जपून ठेव, आणि कुणीही, कधीही विचारलं तर काढून दाखव. म्हणून खाली ठळक अक्षरात लिहिते आहे.

गाडी तुझ्या हातून नाही, माझ्या हातून जळली.

तुझी धाकटी