देवाची म्हातारीशी कुस्ती

आबा, तुम्हाला कुस्ती सोडून दुसरं काही कळत नाही, असं आई म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते. सत्तर सालाच्या आसपास अर्धांगानं तुमचा डावा पाय लुळा पडला आणि तुम्ही तालमीचं नावच टाकलंत. उभी हयात पैलवान घडवलेला वस्ताद, पाय ओढत पोरांपुढं कसा जाणार, ही लाज. पोरं घरी येऊन नुसतं बसायला चला म्हणायची, तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडायचा. माणूस असंच संपणार, ह्या भीतीनं माझा जीव तुटायचा. मी तेव्हा कॉलेजात. युरोपातल्या पार उत्तरेच्या, बर्फाच्या मुलखातल्या देवांच्या गोष्टींचं एक इंग्रजी पुस्तक लायब्ररीतून आणलं होतं. भाकऱ्या थापता थापता त्या तुम्हाला मराठीत सांगायची. आपले देव काय कमी पडले व्हय, असं आधी करवादलात. पण शेवटच्या लढाईत आपण मरणार हे त्या देवांना आधीच ठाऊक असतं, तरी ते उतरतात, हे ऐकलंत आणि घास हातातच राहिला. मग रोज एक गोष्ट लागायचीच. ना त्यांची जत्रा, ना नैवेद्य, तरी ते देव आपल्या चुलीपाशी येऊन बसले ते ह्या एका हिमतीमुळं, असं मला वाटतं.

एकदा हातोडेवाल्या देवाची गोष्ट निघाली. राक्षसांच्या दरबारात त्याला एका म्हातारीशी कुस्ती धरायला लावतात. तो रेटतो, ओढतो, म्हातारी जागची हलत नाही; उलट तोच एका गुडघ्यावर येतो. मागाहून कळतं, ती म्हणजे साक्षात म्हातारपण. देव हरला, असं मी म्हटलं मात्र, तुम्ही उसळलात.

"हरला कसा? गुडघा टेकला म्हंजे हार न्हवं. पाठ लागली का मातीला?"

"तसं काय लिहिलेलं न्हाय."

"मग कुस्ती चालू हाय की."

लिहिणाऱ्याला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, असंही वर ऐकवलंत. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही काठी मागितलीत. माझ्या खांद्यावर हात टाकून तालमीपर्यंत आलात. बाईमाणसानं आत जायचं नसतं, म्हणून मी दाराबाहेर थांबले. आतून तुम्ही कुणाला तरी हासडलेली शिवी ऐकू आली आणि मला भर रस्त्यात रडू फुटलं.

पुढं तुम्ही बाकड्यावर बसून डाव शिकवत राहिलात, आणि एका सकाळी गेलात. तुम्हाला सोप्यात जमिनीवर उताणं निजवलं होतं. हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. तुमची पाठ टेकलेली बघितली आणि मला वाटलं, म्हातारीनं मारली कुस्ती, पुस्तकच खरं. हल्ली माझा नातू त्याच देवाची चित्रं मोबाईलवर बघतो. म्हातारीची गोष्ट मी त्याला सांगते. देव हरला का आज्जी, असं तो विचारतो, आणि मी न्हाय म्हणते. मला ते आजही पटलेलं नाही, आबा. पण तुमचा निकाल मी फिरवणार नाही.